मधुवंती मॅडम रजेवर होत्या

१

वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही, हा मधुवंती भोयरचा पहिला नियम होता. माणसाला आधी बसवायचं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवायचा, घरी कोण कोण आहे ते नावानिशी विचारायचं, आणि मगच मुद्द्यावर यायचं. बोलताना कागदाकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. आणि जे होणार नाही ते होईल, असं चुकूनही म्हणायचं नाही.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात गाड्यांच्या आत बसणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधल्या जायच्या. कंपनी मोठी, बावीस देशांत पसरलेली. तिचे वरचे लोक सिंगापुरात बसायचे आणि इथे पडद्यावर दिसायचे. पण लाइनवरच्या चारशे बायांना विचाराल, तर त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे एचआरच्या मधुवंती मॅडम. कोणाचा नवरा पितो, कोणाची सासू अंथरुणाला खिळली आहे, कोणाच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, हे तेरा वर्षांत तिला पाठ झालं होतं. तिच्या केबिनला लागूनच एक लहान खोली होती. धुरकट काचेची भिंत, एक टेबल, दोन खुर्च्या. रजा, तक्रार, बदली, घरचं रडगाणं, सगळं तिथे व्हायचं. बाया तिला मॅडमची खोली म्हणत.

सप्टेंबरात डॉक्टरांनी मधुवंतीला गर्भाशय काढायला सांगितलं. तीन आठवड्यांची रजा घ्यावी लागणार होती, आणि नेमकी तेव्हाच कारखान्यात दोन लाइनी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली होती. लाइन बंद म्हणजे राजीनाम्यावर सह्या. मधुवंतीने सिंगापूरच्या वरिष्ठ बाईंना पडद्यावर गाठलं.

"मी येईपर्यंत कोणाकडूनही सही घ्यायची नाही. घ्यायची वेळ आलीच, तर माझ्या माणसांशी मीच बोलेन."

"अर्थात," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या जागी तोवर कोणीतरी बसेल. तिच्यासाठी सगळं लिहून ठेव. तू कशी बोलतेस, कुठे थांबतेस, कोण कशाने ऐकतं. तुझ्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही, मधु."

"एवढं सगळं इंग्रजीत लिहायचं म्हणजे..."

"मराठीत लिही. कोणत्याही भाषेत चालेल."

आपल्या मागे कोणी परकी बाई येईल आणि माणसांना धसमुसळेपणाने बोलेल, याची मधुवंतीला खरीखुरी धास्ती वाटत होती. म्हणून आठ दिवस संध्याकाळी बसून तिने एकेका माणसाविषयी लिहिलं. संगणकावर दोनशे पानं झाली, ती तिने सिंगापूरला पाठवली. अमकी हसते, पण ते खरं हसू नसतं. तमक्याला आधी बोलू द्यावं. हिला सल्ला देऊ नका, फक्त ऐका. एखादी आई पोराला पहिल्यांदा परगावी ठेवते तेव्हा त्याच्या आवडीनिवडी लिहून देते ना, तसं.

रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी शामला लांजेवार खोलीत आली. शामला कुहीकडची. कंपनीच्या बसने दीड तास येणं, दीड तास जाणं. नवरा गेलेला. घरी म्हातारी सासू, आणि मुलगी काजल नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. शामलाच्या कामावर तिघींचं चालायचं.

"मॅडम, लोक म्हणून राह्यले का सह्या घेणार हायेत."

"मी परत येईपर्यंत कोणत्याच कागदावर सही करायची नाही, शामलाताई. कोणी काही म्हणो. मी स्वतः समोर बसून म्हटलं, तरच करायची."

"तुमी म्हटलं तरच," शामला म्हणाली. "पोरीचं एक वरीस राह्यलं जी. तेवढं निघालं पायजे."

निघेल, असं मधुवंतीच्या ओठांवर आलं होतं. नियम आठवून तिने ते गिळलं आणि तिच्या हातावर नुसता हात ठेवला.

२

तीन आठवड्यांनी, सोमवारी, ती परत आली. अजून वाकताना टाके ओढत होते. वाटेत धरमपेठेतून तिने दोन किलो संत्रा बर्फी घेतली. बाया भेटायला येतील, कशी आहे तब्येत विचारतील, हातावर काही ठेवायला हवं.

फाटकावर रामाजी होता. म्हातारा चौकीदार, कोणाला ताप आला तरी डोळ्यांत पाणी आणणारा. ऑपरेशनला जाताना त्याने तिला ताजबागच्या दर्ग्यातला गंडा आणून दिला होता.

"राम राम मॅडम," तो म्हणाला आणि वहीत डोकं घातलं.

बस, एवढंच. मधुवंती क्षणभर थांबली. मग हजेरीच्या यंत्रासमोर चेहरा धरला. हिरवा दिवा लागला नाही. पडद्यावर अक्षरं आली: नोंद आधीच झाली आहे.

"रामाजी, हे काय म्हणतंय बघा."

"बिघडली असन मशीन. जा तुमी, मी लिहून घेतो."

आत गेल्यावर ती लाइनवरून हळूहळू चालत गेली. माना वर झाल्या, हसू आलं, माना खाली गेल्या. काल पाहिलेल्या माणसाला जसं हसतो, तसं. एवढ्या बायांत एकीनेही विचारलं नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये तिने बर्फीचा डबा उघडला तेव्हा रितिका नावाच्या पोरीने तुकडा उचलत विचारलं, "काय विशेष, मॅडम?"

"मी बरी होऊन आले म्हणून."

"बिमार होत्या काय?" रितिका म्हणाली. "शनिवारी तं चांगल्या दिसत होत्या."

शेजारच्या दोघीतिघी हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, त्यामुळे ते अधिकच लागलं. मधुवंतीने डबा बंद केला. केबिनमध्ये जाऊन ती बसून राहिली आणि स्वतःलाच रागावली. तेरा वर्षं माणसांचं केलं, ते काय विचारपूस व्हावी म्हणून केलं होतं? कामाचे दिवस आहेत, सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. विसरली असतील.

पण तीन आठवडे रिकामी असलेली खुर्ची माणसं विसरतात का, हा प्रश्न काही तिच्या मनातून गेला नाही.

३

दुर्गेश तिचा हाताखालचा. तिशीतला, चटपटीत, सगळ्यांना दादा म्हणणारा.

"माझ्या रजेत माझं काम कोणी बघितलं?" तिने विचारलं.

"कोणती रजा?"

"दुर्गेश."

"मॅडम, सुबे सुबे मजाक करून राहिल्या का?" तो हसला. ती हसली नाही, तसा त्याने संगणक तिच्याकडे वळवला. महिन्याची हजेरी होती. भोयर मधुवंती. रोज सकाळी आठ चाळीस. एकही खाडा नाही. तिला भूल दिली होती, त्या बुधवारीसुद्धा आठ चाळीस.

"हे चूक आहे. मी दवाखान्यात होते."

दुर्गेशने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "त्या बुधवारी तुम्ही अन् मी सोबत जेवलो, मॅडम. तुम्ही माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली."

मधुवंतीने दीर्घ श्वास घेतला. भूल उतरताना माणसाला भलतंसलतं वाटतं, हे तिने ऐकलं होतं. पण इतकं? तिने पोटावर हात ठेवला. साडीच्या आत पट्टी होती. ती खरी होती.

"लाइनींचं काय झालं?"

"चाळीसच्या वर झाले की राजीनामे. तुम्हीच तर केले." त्याने गठ्ठा पुढे सरकवला. "एकानंही आवाज चढवला नाही. खरं सांगू? आधी तुमच्या खोलीतून लोक रडत बाहेर यायचे. आता हसत येतात. मी घरी पण सांगितलं, आमच्या मॅडम आता एकदम तयार झाल्या म्हणून."

प्रत्येक राजीनाम्याला बोलण्याचं टिपण जोडलेलं होतं. अक्षर तिचं, सही तिची. सहीतल्या भ ची शेपटीसुद्धा तशीच, खाली ओढलेली. सगळं बरोबर होतं. आधी बसवलं, पाणी दिलं, मुलांची नावं विचारली. बोलू द्यायचं तिथे बोलू दिलं, थांबायचं तिथे थांबलं. तिने लिहिलेल्या दोनशे पानांतलं एकही वाक्य वाया गेलं नव्हतं.

फक्त प्रत्येक टिपणाच्या शेवटी एक ओळ जास्तीची होती. कोणाला, सहा महिन्यांत परत बोलावू. कोणाला, तुमच्या भावाला लावून घेऊ. कोणाला, घराच्या कर्जाचं कंपनी बघेल.

यातलं काही होणार नव्हतं. आणि असलं ती कधीच बोलली नसती. मधुवंतीला एकाच वेळी धीर आला आणि धडकी भरली. ही मी नाही, एवढं तिला कळलं. मग तिथे बसून हे बोललं कोण, ते कळलं नाही.

गठ्ठ्यात शामला लांजेवारचा कागद नव्हता. तिने दोनदा शोधला. नव्हता.

४

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला ती केबिनमध्ये रजेचे अर्ज बघत होती. भिंतीपलीकडच्या खोलीत कोणीतरी बोलत होतं. बाईचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. दोन वाक्यं, मग थांबणं. एक वाक्य, मग जास्त वेळ थांबणं.

ध्वनिमुद्रित केलेला आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. तो कोणाचा आहे हे ओळखायला मधुवंतीला म्हणूनच थोडा वेळ लागला.

दुर्गेश फोनवर जुन्या बैठकीचं काहीतरी ऐकत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात दुसरा आवाज आला, रडवेला, बारीक. तो दुर्गेशच्या फोनमधला नव्हता. मधुवंती उठली. टाक्यांमुळे तिला झटकन उठता येईना. टेबलाला धरून, कपाटाला धरून ती दारापर्यंत पोचली. बाहेरच्या अरुंद वाटेवर आली तेव्हा धुरकट काचेमागे दोन आकृत्या समोरासमोर होत्या. एक वाकलेली. दुसरी ताठ, डोकं किंचित कलतं करून ऐकणारी. माणूस रडायला लागला की आपण डोकं कलतं करतो, हे मधुवंतीला ठाऊक होतं. नव्या लागलेल्या पोरी कॅन्टीनमध्ये तिची तीच नक्कल करत.

दार उघडलं आणि शामला बाहेर आली. पदराने डोळे पुसत. समोर मधुवंतीला पाहून ती थबकली, मागे खोलीत पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं.

"आता माय," ती म्हणाली, "तुमी इकून कशा आल्या?"

मधुवंती तिला बाजूला सारून आत गेली. खोलीला दार एकच होतं, खिडकी नव्हती. आत कोणी नव्हतं. टेबलावर दोन ग्लास होते. शामलाच्या बाजूचा रिकामा. पलीकडचा काठोकाठ भरलेला, आणि त्यातलं पाणी अजून हलत होतं.

"शामलाताई, आत कोण होतं?"

"म्हणजे?"

"तुमच्याशी कोण बोललं?"

शामला हसावं की घाबरावं अशा चेहऱ्याने बघत राहिली. "तुमीच तं. सही करा म्हणाल्या, काजलले पास झाली का कंपनीच्या दवाखान्यात लावून घेतो म्हणाल्या. मी म्हटलं सासूले इचारा लागन. तं म्हणाल्या, मीच येते रविवारी तुमच्या घरी, बोलते त्यांच्याशी."

"ती मी नव्हते."

"मॅडम, तुमची तब्येत बरी नाही काय?"

सोमवारपासून ती ज्या प्रश्नाची वाट बघत होती, तो हा असा आला. मधुवंतीने तिचे दोन्ही खांदे धरले. "ऐका. सही करू नका. काजलला इथे कोणी घेणार नाही. कंपनीला दवाखाना आहे कुठे? दोन खाटांची खोली आहे ती. मी सांगते ते ऐका."

"मंघाशी म्हणाल्या करा. आता म्हणता नका करू." शामलाचा चेहरा हळूहळू मिटत गेला. तेरा वर्षांत मधुवंतीने तो असा मिटलेला पाहिला नव्हता. "तुमचा शब्द म्हणून थांबली होती मी जी. बाकीच्या सह्या करून मोकळ्या झाल्या. गरिबाची अशी मजाक नका करू."

ती गेली. लांबवर यंत्रांची घरघर चालू होती. मधुवंतीने पलीकडच्या खुर्चीच्या बैठकीवर तळवा टेकवला. बैठक गार होती, कोणीच बसलं नसावं तशी.

५

त्याच संध्याकाळी सिंगापूरच्या बाई पडद्यावर आल्या. नेहमीसारख्या प्रसन्न.

"माझ्या रजेत माझ्या जागी कोण बसलं होतं?" मधुवंतीने नमस्कारसुद्धा न करता विचारलं.

"तुझ्या जागी?" बाईंनी चष्मा काढला. "मधु, तुझ्या जागी दुसरं कोण बसणार? तिथली माणसं दुसऱ्या कोणाचं ऐकतील का?"

"तुम्ही मला शब्द दिला होता. मी येईपर्यंत सह्या घ्यायच्या नाहीत."

"तुझी माणसं, तूच बोलणार, असं ठरलं होतं. तसंच झालं."

"मी दवाखान्यात होते."

बाई मधुवंतीकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर पडद्याच्या कडेला, तिच्या खांद्याच्या मागे कुठेतरी होती, जसं दोन माणसं समोर असली की आपण एकीकडून दुसरीकडे पाहतो.

"छान चाललं आहे तुझं," बाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, ते मधुवंतीला कळलं नाही. तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे कपाट होतं, कॅलेंडर होतं. पडदा काळा झाला होता.

६

शनिवारी घरी तिने दवाखान्याची फाइल काढून पलंगावर पसरली. दाखल झाल्याची तारीख, सुटी मिळाल्याची तारीख, डॉक्टरांची सही. नवरा विक्रम चंद्रपूरला नोकरीला. तो ऑपरेशनला येऊन, आठ दिवस राहून परत गेला होता. तिने त्याला फोन लावला.

"मी दवाखान्यात होते ना रे?"

"नाही, मी एकटाच आठ दिवस त्या बाकड्यावर झोपलो होतो," तो हसला. मग गंभीर झाला. "मधु, काय झालं?"

"काही नाही. कामाचा ताण आहे."

फोन ठेवल्यावर तिने ती दोनशे पानं उघडली. शामलाच्या पानावर तिने स्वतः लिहिलं होतं: लवकर रडत नाही. सासूच्या शब्दाबाहेर नाही. म्हातारी तयार झाली की शामला तयार. अवघड गोष्ट असेल तर घरी जाऊन म्हातारीला भेटावं, मान दिल्यासारखं होतं.

मधुवंतीने तोंडावर हात दाबला. हे तिने शामलाच्या भल्यासाठी लिहिलं होतं. आजारपण, लग्नकार्य, असं काही अवघड. आपल्या घराची किल्ली आपण शेजारणीकडे विश्वासाने ठेवावी आणि शेजारणीने ती चोराच्या हातात द्यावी, तसं झालं होतं. फरक इतकाच, की किल्ली शामलाच्या घराची होती आणि ती ठेवायला दिली होती मधुवंतीने.

पानं संपत आली. शेवटचं नाव कोणाचं होतं ते तिला आठवत होतं, पण त्याच्याखाली अजून एक नाव होतं. लिहिण्याची ढब तिचीच.

मधुवंती भोयर. नवरा चंद्रपूरला, मूल नाही. माणसं आपली आहेत असं समजते. भांडत नाही. हिला भीती दाखवू नये, त्याने ही ताठ होते. मायेने बोलावं. घाई करू नये. आपण होऊन येते.

तिने ते पुसायचा प्रयत्न केला. ओळ निवडली जात होती, पुसली जात नव्हती. शेवटी तिने संगणक बंद केला, पदर खोचला आणि सकाळच्या एसटीची वेळ बघितली.

त्या बाईच्या आधी आपण पोचायचं, एवढंच तिच्या मनात होतं. म्हातारीसमोर बसायचं, दवाखान्याची फाइल दाखवायची, वेळ आली तर पोटावरचे टाके दाखवायचे. शामलाची सही होऊ द्यायची नाही.

७

रविवारी सकाळी नऊला ती कुहीच्या पुढच्या फाट्यावर उतरली. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. फाट्यापासून गाव दीड कोस, रस्ता मातीचा. प्रत्येक पावलाला पोटात कळ येत होती, आणि धूळ घोट्यांपर्यंत चढत होती. वाटेत एका सायकलवाल्याने विचारलं, "कोणाकडं, बाई?" तिने सांगितलं. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा मागच्या रस्त्याकडे पाहिलं आणि पायडल मारलं.

शामलाचं घर गावाच्या टोकाला होतं. बाहेर सारवलेला ओटा. ओट्यावर सासू गोपिकाबाई सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. उंबऱ्याशी चपलांचा एक जोड होता. तपकिरी, जाड तळाच्या. ऑपरेशननंतर चालायला सोप्या म्हणून मधुवंतीने मागच्या आठवड्यात घेतल्या, अगदी तशाच. तिने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिच्या धुळीने माखल्या होत्या. उंबऱ्याजवळच्या जोडाला धुळीचा कणही नव्हता.

"आजी," तिने विचारलं, "आत कोण आहे?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मग मनगट धरून तिला जवळ ओढलं, कपाळाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं.

"तू चालत आली काय वं?"

"हो."

"घाम फुटला तुले. दम लागला." म्हातारीने मान हलवली. "हाव. तू खरी हायस."

मधुवंतीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. इतक्या दिवसांत कोणीतरी म्हटलं होतं. ती ओट्यावर टेकली. "मग तिला आत कशाला घेतलं, आजी? तिला बाहेर काढा. शामलाला हाक मारा."

म्हातारी उठली नाही. मनगटही सोडलं नाही. "ती काजलले नोकरी देतो म्हणते. कागदावर लिहून देतो म्हणते. तू देशीन काय?"

खोटं बोलायची तेवढी एक वेळ होती. हो म्हटलं असतं तर म्हातारी कदाचित उठलीही असती. मधुवंतीने तोंड उघडलं आणि ते तिला जमेना.

"माझ्याच्यानं नाही होणार," ती म्हणाली. "पण तिच्याच्यानंही होणार नाही, आजी. ती खोटं सांगते आहे. चाळीस जणींना तिने असंच सांगितलं."

"असन खोटं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुयं खरं घेऊन आमी काय करायचं, सांग ना. कामावरून तं दोघी बी काढूनच राह्यल्या. तू रडवून काढशीन, ते हसवून काढते."

"मी काढणार नव्हते. मी थांबवणार होते."

"तुया हातात काय हाय आता?"

आतून बोलण्याचा आवाज येत होता. दोन वाक्यं, मग थांबणं. मधुवंतीने म्हाताऱ्या बोटांतून मनगट सोडवलं आणि दाराशी जाऊन हाक मारली. "शामलाताई!"

बोलणं थांबलं. शामला दारात आली. हातात पेन होतं. तिने मधुवंतीकडे खूप वेळ पाहिलं, धुळीच्या पायांपासून विस्कटलेल्या केसांपर्यंत, आणि मग तिची नजर खाली गेली. त्या खाली जाण्यात मधुवंतीला सगळं दिसलं. शामलालाही कळलं होतं. आत्ता नाही, कदाचित गुरुवारीच, त्या अरुंद वाटेवर.

"मॅडमनं सांगतलं होतं, तुमी यान म्हणून," शामला पुटपुटली. "नका थांबू जी तुमी. ऊन लागन."

"शामलाताई, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"हाव. म्हणूनच सांगतो, जा."

तिने दार लोटलं. पुरतं लागलं नाही, चार बोटांची फट राहिली. त्या फटीतून मधुवंतीला घोंगडीवर टेकलेला एक गुडघा दिसला. साडी तिने आज नेसली होती तीच, चुणीसुद्धा त्याच जागी पडलेली. गुडघ्यावर कागद होता, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरलेला हात. ओळखीचा हात होता. सलाइनच्या सुईने मधुवंतीच्या मनगटामागे पडलेला निळा डाग अजून गेला नव्हता. या मनगटावर काहीच नव्हतं. तीळ नव्हता, शीर नव्हती, नुकतीच मळून ठेवलेली कणीक असावी तशी कातडी.

पेन कागदावरून फिरल्याचा आवाज झाला. फार बारीक आवाज. मधुवंतीने तो तेरा वर्षं टेबलाच्या अलीकडून ऐकला होता. बाहेरून तो असा ऐकू येतो, हे तिला माहीत नव्हतं.

"झालं," आतला आवाज म्हणाला. "झालं बरं, शामलाताई." मग जरा थांबून, "बाहेर कोण आहे, आजी?"

गोपिकाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. तिने मधुवंतीकडे पाहिलं नाही. "कोणी नाही," ती म्हणाली. "वाट चुकली बिचारी."

आत कोणीतरी उठल्याची चाहूल लागली. कापडाची सळसळ दारापर्यंत आली आणि फटीतला उजेड अडला.

"उन्हात कशाला उभं ठेवलंत त्यांना?" आवाज आता अगदी जवळ होता. त्यात कसलीही घाई नव्हती, राग नव्हता. सबंध आयुष्यात मधुवंतीशी इतक्या मायेने कोणी बोललं नव्हतं. "येऊ द्या आत. बसू दे जरा. त्यांच्याशी बोलायचं तेवढं राहिलंय."

पळावं, असं मधुवंतीला वाटलं. फाट्यापर्यंत दीड कोस, तिथून एसटी. तिने वळायला पाऊल उचललं, तेव्हा सारवलेल्या ओट्याचा गारवा तिच्या तळव्याला लागला. तिने खाली पाहिलं. उंबऱ्याशी आता चपलांचे दोन जोड होते, एक स्वच्छ, एक धुळीने माखलेला, एकमेकांना लागून, नीट जुळवून ठेवलेले.